टाकी दिसते का?

आमच्या कॅम्पवर आठवड्यातून एकदा विमान यायचं. त्याला विमान म्हणायला माझी बायको कधीच तयार झाली नाही. व्हिडिओ कॉलवर मी तिला ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्येला तर एकच पंखा हाय. एक पंखा तर आपल्या पडवीत पण हाय."

मी तिला सांगितलं, पंखा एकच असला तरी हा गडी भल्याभल्या विमानांना जमत नाही तिथे उतरतो. याला पक्की धावपट्टी नको, डांबर नको. दाबून बसवलेला मुरूम असला तरी पुरे. पंख डोक्याच्या वर, म्हणजे खाली दगड असले तरी पंखांना लागत नाहीत. चाकं जाडजूड, ट्रॅक्टरला शोभतील अशी. ती म्हणाली, "असूंदे. तुमी त्याच्यात बसू नका." मी म्हटलं, बसल्याशिवाय घरी कसा येऊ?

कॅम्प सौदीच्या उत्तरेला, नफूदच्या वाळूच्या कडेला होता. अजूनही आहे, मीही अजून तिथेच आहे. जमिनीच्या पोटात काय आहे ते शोधणाऱ्या लोकांचा कॅम्प. त्यांची अवजड वाहनं दिवसभर जमीन हादरवत हिंडतात, संध्याकाळी सगळे पोर्टाकेबिनमध्ये परत येतात. डांबरी रस्ता गाठायचा तर पिकअपने वाळू तुडवत अर्धा दिवस जातो, तोही वाळूच्या मनात असेल तर. म्हणून भाजी, सुटे भाग, औषधं आणि रजेवर जाणारी-येणारी माणसं विमानातून येतात-जातात.

माझं काम रेडिओचं. पूर्वी रियाधला एका कंपनीच्या ट्रकच्या यार्डात मी वॉकीटॉकीवर बसायचो, राहायला बत्हा बाजाराच्या वस्तीत एका खोलीत. गर्दी, हॉर्न, खाली हॉटेलात परोठे आपटल्याचा आवाज. तिथून इथे आलो तेव्हा पहिला महिना शांततेने माझे कान दुखत होते. आता रियाधला गेलो की दुखतात.

रेडिओचं काम म्हणजे नुसतं बोलायचं काम नाही. विमान यायच्या आधी पिकअप घेऊन मुरमाच्या पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. कुठे वाळू चढली असेल तर फावड्याने काढायची. दगड असतील तर उचलायचे. आणि उंट असतील तर हाकलायचे. एवढं मोठं वाळवंट पडलेलं असताना उंटांना आमच्याच पट्टीवर येऊन बसायला का आवडतं हे मला आजतागायत कळलेलं नाही. हॉर्न वाजवला की ते मान वळवून बघतात, जसं काही मीच त्यांच्या घरात घुसलोय.

जाणाऱ्या माणसांना वजन करून बसवायचं, हेही माझ्याकडे. छोट्या विमानात माणसाचंसुद्धा वजन घ्यावं लागतं. आमच्याकडे त्यासाठी स्वयंपाकघरातला कांदे-बटाट्याचा काटा होता. दोन वर्षांनी गावी निघालेला माणूस नवे कपडे घालून, अत्तर लावून त्या काट्यावर उभा राहायचा आणि आचारी बाजूला उभा राहून म्हणायचा, "ह्याला भाव काय लावू?" निघणारा हसायचाच. घरी निघालेल्या माणसाला कशाचाही राग येत नाही.

हे विमान आणणारे पायलट बरेच पाहिले. एक तरुण होता, त्याचं सगळं लक्ष समोरच्या पडद्यावर. पडदा सांगेल ती पूर्व. त्याने एकदा विमान असं आपटलं की मागे बसलेल्या मेकॅनिकच्या मांडीवरचे टोमॅटो छताला लागले. दुसरा एक इजिप्तचा होता. आयुष्यभर मोठी विमानं चालवलेला. टाय लावून यायचा. दार उघडून बाहेर बघायचा, आपले पॉलिश केलेले बूट बघायचा आणि पुन्हा आत बसायचा. कॅम्पचा चहा त्याने कधी घेतला नाही. ते आले तसे गेले. टिकला तो आमचा सरदारजी.

तो मूळचा पंजाबचा. तरुणपणी कॅनडाला गेला आणि तिथे पार उत्तरेला, जिथे रस्ते संपतात त्याच्याही पलीकडे, हीच विमानं चालवण्यात त्याचं आयुष्य गेलं. उन्हाळ्यात चाकं काढून होडीसारखे तरंगे लावायचे आणि तळ्यावर उतरायचं. हिवाळ्यात तळं गोठलं की तरंगे काढून खाली लाकडी फळ्यांसारख्या घसरपट्ट्या लावायच्या आणि त्याच तळ्यावर उतरायचं. पिठाची पोती, कुत्री, शाळेची मास्तरीण, बाळंतीण, काय वाट्टेल ते नेलं म्हणे. पांढरी दाढी जाळीत बांधलेली, पगडीवरून हेडफोन. हेडफोन पगडीवर बसावेत म्हणून त्याने त्यांची पट्टी वाकवून घेतली होती. या वयात इथे कशाला आलात असं मी विचारलं तर म्हणाला, "गुडघे वाळवायला. तीस-पस्तीस हिवाळ्यांचं बर्फ भरलंय त्यांच्यात."

मी त्याला कॅप्टन म्हणायचो, तो मला भाईजान. आमचं बोलणं हिंदीत. रेडिओवर सुरुवात नियमाप्रमाणे इंग्रजीत व्हायची. वारा कुठून, किती, पट्टी मोकळी आहे का. ते सगळं संपलं की तो हिंदीत यायचा आणि शेवटचा प्रश्न विचारायचा.

"टंकी दिखती है?"

पट्टीच्या त्या टोकाला लोखंडी घोड्यावर एक पाण्याची टाकी आहे. लाल रंगाची. कधीकाळी तिथे बोअर होती, ती आटली, टाकी राहिली. माझ्या रेडिओच्या केबिनच्या खिडकीतून ती समोर दिसते. कॅप्टनचा नियम एवढाच होता. खिडकीतून टाकी दिसत असेल तर तो उतरणार. दिसत नसेल तर नाही. आमच्याकडे हवामान मोजायचं यंत्र होतं, खांबावर लावलेलं. ते आपले आकडे थेट रियाधला पाठवायचं. पण त्याच्या काचेवर धूळ बसली की भर उन्हात ते दाट धुकं दाखवायचं आणि खरंच धूळ उडाली की कधीकधी काहीच दाखवायचं नाही. कॅप्टन त्याला ‘जावईबापू’ म्हणायचा. मान द्यायचा, काम सांगायचं नाही.

मी एकदा त्याला म्हटलं, तुम्हाला वरून सगळं दिसत असेल, मला कशाला विचारता? तो म्हणाला, वरून सरळ खाली बघितलं तर बर्फातही दिसतं आणि धुळीतही दिसतं. पण उतरताना तिरकं बघावं लागतं, आणि तिरकं बघितलं की सगळं एकच होतं. जमीन कुठे संपली आणि आभाळ कुठे सुरू झालं ते कळत नाही. "तेव्हा खाली डोळे लागतात," तो म्हणाला. "दुसऱ्याचे." मग त्याने चहात बिस्किट बुडवलं. त्याच्यापुरता विषय संपला होता.

ही गोष्ट मी बायकोला सांगितली. तिला ती फार आवडली. का आवडली कोण जाणे. त्यानंतर तिने नवीनच सुरू केलं. रोज दुपारी जेवणं झाली की आमचा फोन व्हायचा. पूर्वी ती "जेवलाव काय?" असं विचारून सुरुवात करायची. आता म्हणायला लागली, "टाकी दिसली काय आज?" मी म्हणायचो, दिसली. मग ती बाकीचं सांगायची. फणसाला किती आलेत, कोणाच्या मुलीचं ठरलं, आमच्या मुलीने बी.एड.चा अर्ज कधी भरायचा. धुळीचा दिवस असला आणि मी नाही म्हटलं तर ती म्हणायची, "मग आज लवकर झोपा." धुळीचा आणि झोपेचा काय संबंध, पण मी झोपायचो.

आमच्या लग्नातला बराच काळ असा फोनवरच गेला. मी सौदीत, ती रत्नागिरीकडे आमच्या गावात. त्याबद्दल आम्ही कधी भांडलो नाही. आमच्याकडे निम्म्या घरांत असंच आहे. पण दरवेळी मी रजेवर गेलो की पहिले दोन दिवस ती माझ्याशी थोडी लाजून बोलायची. म्हातारपणाला आलेली बाई. मला त्याचं हसू यायचं. आता येत नाही.

तिला साखर होती. ती मला म्हणायची थोडी आहे, आणि डॉक्टरांना म्हणायची गोळ्या घेते. दोन्ही खोटं होतं. पायाला जखम झाली, ती तिने हळद लावून लपवली. एका दुपारी फोन वाजला तर पडद्यावर ती नव्हती, मुलगी होती. मागे दवाखान्याची भिंत. म्हणाली, "अब्बा, अम्मीच्या आंगात विष पसरलाय म्हणतात. तुमी या." मी विचारलं, बोलते का? म्हणाली, "मधून मधून. तुमचाच इचारते. येतंव म्हणून सांगू काय?"

मी म्हटलं, सांग. उद्या निघतो.

दुसऱ्या दिवशी विमानाचा वार होता. यापेक्षा चांगलं काय हवं. कॅम्पचा मुदीर, म्हणजे आमचा मोठा साहेब, सौदी माणूस. मी दारात उभा राहिलो आणि त्याने माझा चेहरा बघूनच विचारलं काय झालं. परतीच्या व्हिसाचे कागद त्याने मोबाइलवरच त्या दुपारी करून घेतले आणि एका इंजिनिअरची जागा काढून मला दिली. "खलास," तो म्हणाला, "उद्या तू रियाधला, परवा घरी." रियाधच्या ऑफिसने कॅप्टनलाही सांगितलं की रेडिओवाल्याला आणायचंय, बायको सिरियस आहे. मी बॅग भरली. संध्याकाळी मुलीने फोन तिच्या कानाला लावला. तिला बोलता आलं नाही. मी म्हटलं, मी येतोय. तिने काहीतरी आवाज केला. मुलगी म्हणाली, "हसली." हसली असेल.

सकाळी उठलो तर खिडकी तपकिरी झाली होती.

उत्तरेकडून शमाल सुटला की हे होतं. वारा एकसारखा एकाच बाजूने येतो आणि वाळूचं पीठ हवेत तरंगत ठेवतो. फार मोठं वादळ नव्हतं. माणसं तोंडाला कापड बांधून कामावर निघाली होती. पिकअपने रस्त्याला लागावं तर वाळूतल्या खुणा पुसलेल्या, मुदीरने चाव्याच काढून ठेवल्या. मी तरीही पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आलो. उंट नव्हते. टाकीपाशी गेलो तेव्हा टाकी दिसली, म्हणजे अगदी खाली उभा राहिलो तेव्हा. मी तिच्या लोखंडी पायाला हात लावला. परत केबिनमध्ये येऊन खिडकीतून बघितलं तर तिथे काहीच नव्हतं.

आचाऱ्याने मला काट्यावर उभं केलं. भाव विचारला नाही. बॅग मी रेडिओच्या टेबलाला टेकवून ठेवली आणि हेडफोन लावून बसलो.

कॅप्टनचा आवाज वेळेवर आला. नियमाप्रमाणे वारा विचारला, मी सांगितला. मग तो हिंदीत आला. म्हणाला, वर स्वच्छ ऊन आहे, खाली दूध सांडल्यासारखं दिसतंय, पण पट्टी मधूनमधून कळतेय. मी इंजिनचा आवाज ऐकत होतो, हेडफोनमधून आणि छतावरूनही.

"भाईजान," तो म्हणाला. "टंकी दिखती है?"

मी खिडकीतून बघितलं. काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, "नाही दिसत, कॅप्टन."

"ठीक है," तो म्हणाला. "घूमता हूँ."

तो फिरत राहिला. एक चक्कर पूर्ण झाली की विचारायचा. मी खिडकीशी उभा राहून बघायचो आणि नाही म्हणायचो. आवाज दूर जायचा, पुन्हा जवळ यायचा. मला खोटं सुचलं नाही असं नाही. सुचलं. एकच शब्द होता. तो म्हटला असता तर त्याने माझ्यावर विश्वास ठेवला असता, कारण त्याने तो नेहमीच ठेवला होता. विमानात तो होता, मागे बसलेली चार माणसं होती, त्यांतला एक स्टोअरकीपर लग्न करून परत येत होता. आणि दवाखान्यात ती होती, येतो म्हणून सांगितलेली. मी तेव्हा असा हिशेब मांडत बसलो नव्हतो, हे आता लिहितोय. तेव्हा मी फक्त खिडकीतून बघत होतो.

एकदा वारा जरा बाजूला झाला आणि मला लाल काहीतरी दिसल्यासारखं झालं. खरंच टाकी होती की मला हवी होती म्हणून दिसली, सांगता येत नाही. कॅप्टनने त्याच वेळी विचारलं.

मी म्हटलं, "माहीत नाही."

तो म्हणाला, "माहीत नाही म्हणजे नाही, भाईजान."

"हो. नाही."

त्यानंतरही तो फिरला. शेवटी म्हणाला की आता विमानात परतीपुरतंच इंधन उरलंय. उद्या उजाडताच येतो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. मी नेहमीप्रमाणे इंग्रजीत निरोपाचं वाक्य म्हटलं. इंजिनचा आवाज दक्षिणेकडे गेला आणि संपला. मी हेडफोन काढून खुंटीला लावले. आचाऱ्याने दुपारी डाळ-भात आणून ठेवला तो मी खाल्ला, सगळा. चव आठवते. मीठ जास्त होतं.

दुपार कलताना अस्राची नमाज होऊन गेल्यावर मुलीचा फोन आला. ती बोललीच नाही, तिच्या मावशीने सांगितलं.

आमच्याकडे मयत थांबवून ठेवत नाहीत. सकाळी माती दिली. एका भाच्याने त्याचा व्हिडिओ पाठवला, तो मी अजून उघडलेला नाही. त्याच सकाळी हवा निवळली होती. कॅप्टन उजाडताच आला, शब्दाप्रमाणे. मीच रेडिओवर होतो. वारा सांगितला. टाकी समोर दिसत होती, धुळीने माखलेली. त्या दिवशी त्याने विचारलं नाही. सरळ उतरला. मला त्याने पुढे आपल्या शेजारच्या सीटवर बसवलं, पट्टा स्वतः लावला, हेडफोन दिले आणि मग म्हणाला, "बोलायचं नसेल तर काढून ठेवा." मी काढून ठेवले. रियाधपर्यंत आम्ही दोघंही समोर बघत होतो. उतरल्यावर त्याने माझी बॅग टॅक्सीपर्यंत नेली. माणूस गुडघ्यांनी लंगडत होता आणि बॅग देत नव्हता.

घरी माणसं येत होती, जात होती. सबर करा म्हणत होती. मी सबरच करत होतो, दुसरं काही येतच नव्हतं. कबरीपाशी जाऊन आलो, फातिहा पढलो. ओली माती होती, तिच्यावर कोणीतरी मेंदीची फांदी खोचली होती. मला वाटलं आता रडू येईल. काही आलं नाही. परत येऊन मी पडवीतला पंखा दुरुस्त केला, तो आवाज करत होता.

मुलगी माझ्याकडे बघत असायची. दहाव्याच्या फातिह्यानंतर माणसं पांगली तेव्हा ती येऊन शेजारी बसली.

"अब्बा, विमान का नाय उतरला?"

"धूळ होती."

"धूळ हाय ता त्यांना कुणी सांगितलान?"

"मी."

मग म्हणाली, "तुमीच सांगितलाव?"

"ते माझं काम आहे. नव्हती दिसत टाकी."

तिला टाकी माहीत होती. आईचं रोजचं बोलणं तिने ऐकलेलं. ती मला काही वाईट बोलली असती तर बरं झालं असतं. पण ती गुणी मुलगी आहे. तिने फक्त एवढंच म्हटलं, "मग रडा तरी, अब्बा. अम्मी गेली, तुमी एकदा पण रडलाव नाय. लोक बघतात. मी पण बघतंय."

मी म्हटलं, बघू. असल्या गोष्टीला कोणी बघू म्हणतं का? मी म्हटलं. ती उठून आत गेली आणि रजा संपेपर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलली. मला तिचा राग आला नाही. मला काहीच आलं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल कसा आपला असून आपला नसतो, तसा मी सगळाच्या सगळा झालो होतो. आणि मनात एक भीती होती, ती खरी सांगतो: हे असंच राहणार. मुलगी मला बायकोसाठी न रडलेला माणूस म्हणूनच लक्षात ठेवणार, आणि तिचं चुकणार नाही.

तिला तिच्या मावशीकडे सोडून मी परत आलो. नोकरी होती. मी कॅम्पवर पोचलो तो पिकअपने, रस्त्याने, कारण कॅप्टन तेव्हा त्याच्या गुडघ्यांसाठी रजेवर होता आणि बदली पायलट मिळाला नव्हता. सगळं जिथल्या तिथे होतं. हेडफोन खुंटीला. दुपारी जेवणं झाली की मोबाइल टेबलावर ठेवून मी बसायचो, सवयीने. तो वाजायचा नाही. मुलगी शुक्रवारी फोन करायची. गॅस संपला, फी भरली, बरं ठेवते.

मग एके दिवशी पाऊस पडून गेला. आमच्याकडे हिवाळ्यात एखाद-दुसरी सर येते आणि नंतर हवा अशी धुतली जाते की लांबचे डोंगर दाराशी येऊन उभे राहतात. दुसऱ्या सकाळी विमानाचा वार होता आणि ऑफिसचा निरोप आला की कॅप्टन परत आलाय. मी पट्टी बघून आलो. दोन उंट होते, ते हाकलले. पावसाने टाकीवरची धूळ धुऊन नेली होती. इतकी लाल ती मी कधीच बघितली नव्हती. खिडकीतून तिच्या लोखंडी घोड्याच्या आडव्या पट्ट्यासुद्धा दिसत होत्या.

कॅप्टनचा आवाज आला. आम्ही नमस्कार-चमत्कार केले नाहीत. इंग्रजीत वारा, पट्टी मोकळी, सगळं झालं. आवाजावरून तो खुशीत वाटला. वरून त्याला टाकीच काय, माझी केबिन आणि आचाऱ्याने वाळत घातलेले टॉवेलही दिसत असणार. पण बऱ्याच दिवसांनी आला होता, आणि नियम म्हणजे नियम.

"भाईजान, टंकी दिखती है?"

मी दिसते म्हणायला तोंड उघडलं. त्याच्या आवाजामागून दुसरा आवाज ऐकू आला, पडवीत बसून, जेवण झाल्यावर, थोडा हसरा. टाकी दिसली काय आज?

मी खिडकीतून बघितलं आणि टाकी नव्हती. पट्टी नव्हती, डोंगर नव्हते. सगळं पाण्यात गेलं होतं. मी बाहीने डोळे पुसले, पुन्हा भरले. पुन्हा पुसले. माझ्या तोंडातून कसले तरी आवाज येत होते, ते मला आवरेनात. कॅप्टन वाट बघत होता. मी बटण दाबलं आणि जे खरं होतं ते सांगितलं.

"नाही दिसत, कॅप्टन."

आकाशात ढगाचा ठिपका नव्हता.

"ठीक है," तो म्हणाला. "घूमता हूँ."

आणि तो फिरत राहिला. या वेळी त्याने पुन्हा विचारलं नाही. आवाज दूर जात होता, डोक्यावर येत होता, दूर जात होता. मी टेबलावर डोकं ठेवून तिचं नाव घेत होतो. आचारी दारात आला, बघितलं आणि दार ओढून घेऊन बाहेर उभा राहिला. बाहेर तो कोणाला तरी म्हणाला, आत जाऊ नका. किती चकरा झाल्या मला माहीत नाही. शेवटी मी तोंड धुतलं, खिडकीशी गेलो. टाकी होती तिथेच होती. मी बटण दाबून म्हटलं, "दिसते."

तो उतरला. विमानातून रियाधच्या ऑफिसचे एक नवे साहेब आले होते, पुण्याकडचे, पहिल्यांदाच. उलटी होता होता राहिली असावी असा त्यांचा चेहरा होता. सगळे माझ्या केबिनमध्ये चहाला बसले. माझे डोळे सुजलेले होते, कॅप्टन माझ्याकडे न बघता बिस्किटाचा पुडा फोडत होता. साहेब म्हणाले, "कॅप्टन, इतनी साफ हवा में इतने चक्कर? प्रॉब्लेम क्या था?"

"टंकी नहीं दिख रही थी," कॅप्टन म्हणाला.

साहेबांनी खिडकीतून बाहेर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि चहाचा कप उचलला.